ऋण, शून्य आणि दशांश : एका वजाबाकीचा हजार वर्षांचा इतिहास



आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत इतिहासावर एखादा लेख असावा असा प्रघात आहे. बादशहा, लढाया, सूफी संत, स्वातंत्र्याचा लढा या विषयांवर आपण पुष्कळ वाचले आहे. यंदा मी आपल्यापुढे एका वजाबाकीचा इतिहास मांडणार आहे. हा विषय ऐकून काही पालक पान उलटतील अशी मला भीती वाटते. त्यांना माझी विनंती आहे की, दोन पाने तरी वाचून पाहावीत. कारण हा इतिहास आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकाशी आणि आपल्या घरच्या हिशेबाशी अगदी जवळून निगडित आहे.

या लेखाला निमित्त झाले ते वर्गातल्या एका प्रसंगाचे. मी इतिहासाचा शिक्षक. मुळशी तालुक्यातील नेरे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मुले माझ्या वर्गात असतात. एकदा गणिताचे शिक्षक रजेवर असल्यामुळे सहावीचा तास माझ्याकडे आला. धडा पूर्णांक संख्यांचा होता. मी फळ्यावर ५ − ८ हे उदाहरण लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, खिशात पाचच रुपये असतील तर त्यातून आठ काढायचे कसे?" सारा वर्ग हसला. मीही "नियम आहे, पाठ कर" एवढेच बोलून पुढे गेलो. तो मुलगा खाली बसला आणि त्या तासाला पुन्हा काही बोलला नाही.

घरी आल्यावर मला माझ्याच उत्तराची लाज वाटली. मुलाने विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तोच प्रश्न जगातल्या थोर थोर विद्वानांनी शेकडो वर्षे विचारला होता आणि त्यांच्यातील कित्येकांना त्याचे उत्तर सापडले नव्हते. इतिहासाच्या शिक्षकाला हे ठाऊक असायला हवे होते. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले माझे उशिराचे उत्तर आहे, असे समजावे.

धन आणि ऋण

वाचकहो, आपल्या मुलांच्या पुस्तकात 'धन संख्या' आणि 'ऋण संख्या' असे शब्द आहेत. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. हे शब्द पाठ्यपुस्तक मंडळाने नव्याने घडविलेले नाहीत. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त नावाच्या गणितज्ञाने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ लिहिला. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते आणि ते आजच्या राजस्थानातील भिनमाळचे होते. या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजेचे, वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम एका जागी मांडले आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण, धन व ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातील अंतर, आणि दोन्ही सारखी असतील तर शून्य. शून्यातून धन वजा केले तर ऋण उरते आणि शून्यातून ऋण वजा केले तर धन उरते. आज आपली मुले जे नियम घोकतात, ते हेच.

त्याही आधी चीनमध्ये हिशेबासाठी रंगीत काड्या वापरीत असत. इ. स. २६३ च्या सुमारास ल्यू ह्वी या पंडिताने लिहून ठेवले आहे की, तांबड्या काड्या धनासाठी आणि काळ्या काड्या ऋणासाठी घ्याव्यात. आज आपण कर्जाचा आकडा तांबड्या शाईने लिहितो. म्हणजे रंग उलटे झाले, पण कल्पना तीच राहिली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. खिशात पाच रुपये आहेत आणि दुकानातून आठ रुपयांची वस्तू घ्यायची आहे. दुकानदार ओळखीचा आहे. तो पाच रुपये घेतो आणि तीन रुपये वहीत मांडून ठेवतो. मुलगा वस्तू घेऊन घरी येतो. त्याचा खिसा रिकामा आहे, पण हिशेब शून्य नाही, तीन रुपयांचे ऋण आहे. हेच −३. वजाबाकी खिशात होत नाही, ती वहीत होते. उधारीची वही ज्या गावात आहे, त्या गावातल्या प्रत्येक मुलाला ऋण संख्या आधीच ठाऊक असते. आपण शिक्षक फक्त तिची ओळख करून द्यायला विसरतो.

मुले सर्वांत जास्त अडखळतात ती 'ऋण वजा ऋण' या ठिकाणी. २ − (−३) याचे उत्तर ५ कसे येते? समजा, आपल्याजवळ पाच रुपये आहेत आणि दुकानदाराचे तीन रुपये देणे आहे. म्हणजे आपली खरी ऐपत दोन रुपयांची. आता ईदच्या दिवशी दुकानदाराने खुशीने ते तीन रुपये माफ केले, म्हणजे आपले ऋण काढून घेतले. आपली ऐपत आता किती झाली? पाच रुपये. कर्ज काढून घेतले की माणूस तेवढ्याने श्रीमंत होतो. ब्रह्मगुप्तांच्या नियमाचा अर्थ एवढाच आहे.

मात्र थोर माणसेही चुकतात, हे मुलांना सांगायला हवे. शून्याला शून्याने भागले तर शून्य येते, असे ब्रह्मगुप्तांनी लिहिले. आजचे गणित ते मान्य करीत नाही. वहीवर तांबडी फुली आली म्हणून रडणाऱ्या मुलाला हे जरूर सांगावे.

बगदादमधील पाहुणा

इ. स. ७६२ मध्ये अब्बासी खलिफा अल्-मन्सूर याने बगदाद शहर वसविले. त्याच्याच कारकिर्दीत, ७७० नंतरच्या काही वर्षांत, भारतातून एक ज्योतिषी विद्वान संस्कृत सिद्धान्तग्रंथ घेऊन दरबारी आला आणि त्या ग्रंथाचे अरबी भाषांतर झाले. ते 'सिंदहिंद' या नावाने प्रसिद्ध आहे. खलिफाच्या दरबारात परदेशी आणि परधर्मी पंडिताचे ज्ञान आदराने ऐकले गेले, त्याचे भाषांतर झाले आणि त्यावर पुढे काम झाले. आपण अभिमान बाळगायचा तर तो या वृत्तीचा बाळगावा.

खलिफा अल्-मामून याच्या काळात (इ. स. ८१३ ते ८३३) मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी हे बगदादमध्ये होऊन गेले. भारतीय अंकांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे युरोपात त्याचे लॅटिन रूप झाले आणि त्यांच्या नावावरूनच 'अल्गोरिदम' हा शब्द आला. नेरे गावापासून जवळच हिंजवडीच्या संगणक उद्यानात काम करणारे तरुण हा शब्द रोज उच्चारतात. तो एका मुसलमान गणितज्ञाच्या प्रदेशाच्या नावावरून आला आहे, हे त्यांच्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल. ख्वारिज्म म्हणजे मध्य आशियातील खीवाचा प्रदेश.

त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दापासून 'अल्जिब्रा' झाले. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा जोडणे. हाड बसविण्यालाही हाच शब्द आहे. समीकरणात एखादी राशी वजा केलेली असेल तर ती दोन्ही बाजूंत मिळवून भरून काढायची, ही त्यांची जब्रची क्रिया. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऋण संख्येला अल्-ख्वारिज्मींनी स्वतंत्र उत्तर म्हणून स्वीकारले नाही. ऋण टाळता यावे म्हणून त्यांनी समीकरणांचे सहा वेगळे प्रकार केले. ज्यांच्या नावाने आज सारे जग गणित करते, त्या गृहस्थांनाही ऋण संख्या अवघड गेली. मग सहावीतल्या मुलाला ती पहिल्याच दिवशी समजली नाही, तर त्याने काय गुन्हा केला?

दैन म्हणजे उणे

यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी अबुल वफा अल्-बूजजानी (इ. स. ९४० ते ९९८) यांनी कारकून व व्यापारी यांच्यासाठी हिशेबाचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी उणे राशीसाठी 'दैन' हा शब्द वापरला. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना तो परका नाही. दैन म्हणजे देणे, कर्ज. 'दैन-मेहर' या शब्दात तोच आहे. नवऱ्यावर जे कर्ज असते ते दैन.

त्यांचे उदाहरण मोठे मौजेचे आहे. ३ गुणिले ५ करायचे आहे. तीन दहापासून ७ ने कमी आहे आणि पाच ५ ने कमी आहे. आता तीनातून पाच वजा केले तर २ चे दैन. त्याला दहाने गुणले तर २० चे दैन. आता ७ आणि ५ यांचा गुणाकार ३५. पस्तिसातून वीसाचे कर्ज फेडले की उरले १५. मुलांना हे घरी करून पाहू द्या. ४ आणि ३ घेतले तरी चालते : चारातून सात (कारण तीन दहापासून सातने कमी) वजा केले तर ३ चे दैन, दहापट केले तर ३० चे, आणि ६ गुणिले ७ म्हणजे ४२. बेचाळिसातून तीस गेले, उरले १२.

बाराव्या शतकात बगदादमध्येच जन्मलेल्या अस्-समवअल या विद्वानाने 'अल्-बाहिर' नावाचा ग्रंथ वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी लिहिला. ते जन्माने ज्यू होते आणि पुढे ११६३ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. 'रिकाम्या जागेतून' धन वजा केले तर तेवढेच ऋण उरते आणि ऋण वजा केले तर तेवढेच धन उरते, असे नियम त्यांनी बीजगणितासाठी स्वच्छ शब्दांत लिहिले. रिकामी जागा म्हणजेच शून्य.

सह्याद्रीच्या कुशीतील भास्कराचार्य

हाच काळ आपल्या मुलखात भास्कराचार्यांचा. त्यांचा जन्म इ. स. १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ ११५० चा. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. ऋण संख्या दाखविण्यासाठी ते अंकाच्या डोक्यावर टिंब देत.

'लीलावती'तील एक त्रिकोण वर्गात जरूर काढून पाहण्याजोगा आहे. पाया ९, दुसऱ्या दोन बाजू १० आणि १७. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती? गणित केले तर एक तुकडा १५ येतो आणि दुसरा उणे ६. आता उणे सहा लांबीचा तुकडा कसा असेल? भास्कराचार्य सांगतात की, ऋण म्हणजे उलट दिशा. लंब पायावर पडतच नाही, तो पायाच्या बाहेर सहा एकक अंतरावर पडतो. ज्याला शंका असेल त्याने पडताळून पाहावे. लंब ८ येतो. १० चा वर्ग १००, त्यातून ६ चा वर्ग ३६ गेला, उरले ६४. १७ चा वर्ग २८९, त्यातून १५ चा वर्ग २२५ गेला, उरले ६४. दोन्हीकडून आठच. कर्जाच्या वहीतून निघालेले ऋण येथे दिशा झाले. हिंजवडीच्या उंच इमारतीत लिफ्टच्या बटणांवर तळघरासाठी −१, −२ लिहिलेले असते, तेथे हाच अर्थ आहे.

तरीही भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात माकडांचे एक उदाहरण दिले आहे, त्याची उत्तरे ५० आणि ५ अशी दोन येतात. त्यातील पाच हे उत्तर त्यांनी घेतले नाही, कारण त्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करताना संख्या ऋण होते आणि लोकांना ते पटत नाही, असे ते म्हणतात. 'लोकांना पटत नाही' हे कारण बाराव्या शतकातही होते आणि आमच्या सहावीच्या वर्गातही आहे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे राजज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांनी तेथे मठ काढला आणि सोइदेव या निकुंभ घराण्यातील मांडलिकाने त्यास दान दिले. हा लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा असून त्याच्या शेवटी जुन्या मराठीतील मजकूर आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो प्रकाशात आणला. गणिताच्या शिक्षणासाठी देणगी द्यावी आणि ती दगडावर कोरून ठेवावी, अशी आपल्या महाराष्ट्राची परंपरा आहे. शिक्षणसंस्थेच्या देणगीदारांनी हे लक्षात घ्यावे.

दमास्कस ते समरकंद

आता दशांशाकडे वळू. इ. स. ९५२–५३ मध्ये दमास्कस येथे अल्-उक्लीदिसी या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी १९ ही संख्या पाच वेळा निमपट केली : ९.५, ४.७५, २.३७५, १.१८७५ आणि ०.५९३७५. पूर्ण संख्या कोठे संपते हे समजावे म्हणून त्यांनी एककाच्या अंकावर एक खूण केली. दशांश अपूर्णांकांचा असा वापर याहून जुन्या अरबी ग्रंथात सापडत नाही.

पुढे समरकंदमध्ये, तैमूरचा नातू उलूग बेग याच्या वेधशाळेत, जमशीद अल्-काशी हे काम करीत. १४२४ मध्ये त्यांनी वर्तुळाच्या परिघाचे व व्यासाचे गुणोत्तर सोळा दशांश स्थळांपर्यंत काढले. १४२७ मधील 'मिफ्ताहुल हिसाब' म्हणजे 'हिशेबाची किल्ली' या ग्रंथात त्यांनी दशांश अपूर्णांक पद्धतशीरपणे शिकविले. युरोपात सायमन स्टेविन यांची दशांशावरील पुस्तिका आली ती १५८५ मध्ये. इंग्लंडमध्ये तर १७५८ साली फ्रान्सिस मासेरेस या गृहस्थांनी ऋण संख्यांना बीजगणितात थारा देऊ नये म्हणून पुस्तक लिहिले होते!

आपल्या देशात हे ज्ञान उलट दिशेनेही वाहिले. अकबर बादशहाच्या आज्ञेने १५८७ मध्ये फैजीने 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्लाह रुश्दी यांनी भास्कराचार्यांचे 'बीजगणित' फारसीत आणले. त्या फारसी ग्रंथावरूनच एडवर्ड स्ट्रॅची यांनी १८१३ मध्ये इंग्रजी पुस्तक केले. संस्कृत, अरबी, फारसी, इंग्रजी असा हा प्रवास आहे. यात हे ज्ञान 'आमचे' आणि ते 'त्यांचे' अशी रेघ कोठे ओढणार? गणित हे कोणत्याही एका जातीचे वतन नाही, म्हणून ते कोणत्याही मुलाला परके नाही.

आणे गेले, पैसे आले

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, पूर्वी वजाबाकी कशी करीत. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. ५ रुपये ३ आणे ४ पै यांतून २ रुपये ७ आणे ९ पै वजा करायचे. चार पैंतून नऊ जात नाहीत, म्हणून एक आणा मोडला, त्याच्या बारा पै. सोळातून नऊ गेले, सात राहिले. आणे दोन उरले, त्यातून सात जात नाहीत, म्हणून एक रुपया मोडला, त्याचे सोळा आणे. अठरातून सात गेले, अकरा राहिले. उत्तर २ रुपये ११ आणे ७ पै. हातचा कधी बाराचा, कधी सोळाचा! त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी. ही सारी अपूर्णांकांचीच तालीम होती आणि शाळेचे तोंड थोडेच पाहिलेले लोकही ती तोंडपाठ म्हणत.

१ एप्रिल १९५७ रोजी भारताने दशमान नाणी सुरू केली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण सव्वासहाचे नाणे कोठून आणणार? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे कोष्टक ठरले. १९६४ मध्ये 'नवा' हा शब्द गळून नुसता 'पैसा' राहिला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. साऱ्या देशाने मोठ्या वयात दशांश शिकला. आता हातचा एकच, दहाचा. म्हणजे आपल्या आजोबांपेक्षा आपल्या मुलाचे काम सोपे आहे.

मग मूल कोठे चुकते? ५ − २.३७ हे उदाहरण घ्या. पुष्कळ मुले पाच हा अंक सातावर मांडतात. पाच म्हणजे पाच रुपये, सात म्हणजे सात पैसे. रुपयांतून पैसे एकदम जात नाहीत. पाच रुपये म्हणजे ५.०० असे लिहिले, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह मांडले, की उत्तर सरळ २.६३ येते. दुसरी चूक ०.५ पेक्षा ०.२५ मोठे समजण्याची, कारण पाचापेक्षा पंचवीस मोठे. त्या मुलाला आठ आणे आणि चार आणे, म्हणजे पन्नास पैसे आणि पंचवीस पैसे, एवढे आठवून द्यावे. चूक त्याची त्यालाच दिसते.

हे गणित कोठे लागते?

'शेतीच करायची आहे, दुकानच चालवायचे आहे, मग हे कशाला?' असे काही पालक विचारतात. सातबाऱ्याचा उतारा काढून पाहा. क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक गुंठा म्हणजे एक आरपेक्षा किंचित जास्त. १.२० हेक्टर क्षेत्रातून ०.०५ हेक्टर पोटखराबा वजा केला तर १.१५ हेक्टर लागवडीयोग्य उरते. ज्या मुलाला दशांश येत नाही, तो बारातून पाच वजा करून ०.७ लिहील. १.२ आणि १.०२ यांत दिसायला फक्त एका शून्याचा फरक आहे, पण जमिनीवर तो अठरा आरांचा, म्हणजे सुमारे पावणेअठरा गुंठ्यांचा आहे. नेरे, मारुंजी, माण या बाजूला आज गुंठ्याला काय किंमत आहे, ते मी सांगायला नको. शून्य कोठे बसते हे ज्याला कळत नाही, त्याने कागदावर अंगठा उठविला काय किंवा इंग्रजीत सही केली काय, सारखेच.

जकातीचे पाहा. सोन्याचा निसाब साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम असा आपल्याकडे धरतात. समजा, एखाद्याजवळ ३,४०,००० रुपये वर्षभर शिल्लक आहेत आणि ४०,००० रुपये तातडीचे देणे आहे. ऋण वजा करून उरले ३,००,०००. त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे ०.०२५ पट, ७,५०० रुपये. ऋण आणि दशांश दोन्ही एकाच हिशेबात आले.

वारशाचेही तसेच. अल्-ख्वारिज्मींच्या जब्रच्या ग्रंथाचा मोठा भाग वारशाच्या उदाहरणांनीच भरलेला आहे. कफन-दफनाचा खर्च व कर्ज आधी, वसीयत त्यानंतर आणि मग वाटे. समजा, एका गृहस्थाच्या मागे रोख रक्कम ६,००,००० रुपये आणि १,२०,००० रुपये देणे राहिले. वसीयत नाही. उरले ४,८०,०००. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ०.१२५ पट, ६०,०००. राहिलेल्या ४,२०,००० मध्ये मुलाचे दोन भाग व मुलीचा एक : मुलाला २,८०,००० आणि मुलीला १,४०,०००.

या ठिकाणी मला एक स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या समाजात किती मुलींना आपला हिस्सा किती, हे माहीत असते? किती विधवांना आठवा हिस्सा मोजता येतो? जिला मोजता येत नाही, तिला जे हातावर ठेवले जाते ते ती मुकाट्याने घेते. सहावी-सातवीत गणितात नापास झालेल्या मुलीला 'पुरे झाले, आता घरकाम शिक' म्हणणारे वडील तिची एक परीक्षाच चुकवीत नाहीत, तर शरीअतने दिलेला तिचा हक्क ओळखण्याचे साधनच तिच्या हातून काढून घेतात. हे ऋण कोण फेडणार?

पालकांना विनंती

सुज्ञ पालकहो, मुलाने वजाबाकी चुकविली तर हात उगारू नका. 'आपल्या घराण्यात गणित कोणालाच आले नाही' हे वाक्य त्याच्यासमोर कधीही उच्चारू नका. किराण्याची यादी, दुधाचा हिशेब, विजेचे बिल, गॅसच्या पैशातून परत आलेली मोड, हे सारे त्याला करू द्या. मुलगा करीत असेल तर मुलीलाही करू द्या. चुकले तर चूक कोठे झाली ते विचारा. उत्तरापेक्षा तो प्रश्न मोलाचा आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एखादी गोष्ट समजली नाही तर उभे राहून विचारा. वर्ग हसला तर हसू द्या. बगदादच्या पंडितांना जे अवघड गेले, ते तुम्हाला एका तासात आले नाही यात कमीपणा नाही. न विचारता घोकून टाकण्यात मात्र नुकसान आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्या वर्गावर पुन्हा गेलो, उधारीच्या वहीचे उदाहरण सांगितले आणि त्या मुलाची सर्वांसमक्ष माफी मागितली. तुझा प्रश्न बरोबर होता, माझे उत्तर चुकले होते, असे त्याला सांगितले. त्याने थोडा विचार करून विचारले, "मग सर, दुकानदाराच्या वहीत ते तीन रुपये धन असणार ना?" या वेळी वर्ग हसला नाही. मी फळ्यावर एका बाजूला −३ आणि दुसऱ्या बाजूला +३ लिहिले. एकाचे ऋण ते दुसऱ्याचे धन, हे मला त्याने शिकविले.

आपल्या पूर्वजांनी, मग ते भिनमाळचे असोत, बगदादचे असोत, पाटणचे असोत वा समरकंदचे, आपल्यावर ज्ञानाचे मोठे ऋण करून ठेवले आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच : जे मिळाले ते पुढच्या पिढीच्या हाती नीट सोपविणे. अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म देवो आणि आपल्याला ते देण्याची तौफीक देवो. आमीन.